पाठमोरी

आर्लिस कुचेरा कोर्टात हात वर करून शपथ घेत होती, तेव्हा तिची नणंद लॅव्हॉन मागच्या बाकावर पेपरमिंट चघळत बसली होती. शपथ साधी होती. कोर्ट जे मूल सोपवील त्याला नेमाने भेटेन, जे दिसेल ते खरं सांगेन, आणि त्या मुलाच्या भल्याखेरीज दुसरं काही मनात आणणार नाही. पोकॉर्नी जज्जसाहेबांनी खाली वाकून आर्लिसशी हात मिळवला आणि काम संपलं.

बाहेर पायऱ्यांवर लॅव्हॉनने विचारलं, "पगार काय देणारेत?"

"पगार नसतो गं."

"पेट्रोल?"

"आपलं आपण."

"म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या," लॅव्हॉन म्हणाली. "तुला हे कुणी सुचवलं? चर्चमधल्या बायकांनी की डॉक्टरने?"

सुचवलं कुणीच नव्हतं. डोर्सीसारख्या गावात, नेब्रास्काच्या त्या मक्याच्या पट्ट्यात, हेळसांड झालेलं पोर सरकारने घरातून काढून नेलं की त्याच्याभोवती वकिलांची जत्रा भरते. सरकारचा वकील वेगळा, आईचा वेगळा, बाप सापडला तर त्याचा वेगळा. बालकल्याण खात्याच्या सरकारी बाईकडे इतकी पोरं असतात की एकीचा वाढदिवस दुसरीला सांगते. म्हणून जज्जसाहेब गावातलंच एक साधं माणूस त्या पोरासाठी नेमतात. कुणी निवृत्त मास्तर, कुणी न्हावी, कुणी पाद्र्याची बायको. त्याने फक्त त्या एका पोराला भेटायचं आणि कोर्टाला सांगायचं, या पोराला काय हवंय आणि याचं भलं कशात आहे. असं माणूस हवंय, एवढं किराणा दुकानाच्या दारावर लिहिलेलं आर्लिसने वाचलं आणि हातातलं अंड्यांचं खोकं खाली ठेवून नंबर उतरवून घेतला.

तिचा नवरा लिऑन धान्याच्या कोठारावर मॅनेजर होता. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं. व्हावं म्हणून दोघांनी काय काय केलं होतं ते दोघांनाच ठाऊक. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीला ते 'शिवणाची खोली' म्हणत. आर्लिस आयुष्यभर शिवत आली होती ती स्वयंपाकघरात. खोलीला काहीतरी नाव द्यायला हवं होतं, म्हणून ते दिलं होतं.

या स्वयंसेवकांना शिकवायचं काम रॉक्सॅनचं. पशुखाद्याच्या दुकानावरच्या खोलीत ती वर्ग घेई, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने खुर्ची घट्ट धरावी. "वचन द्यायचं नाही. 'सगळं ठीक होईल' हेसुद्धा वचनच असतं. वस्तू द्यायच्या नाहीत. घरी आणायचं नाही. आणि आई व्हायचं नाही. आई त्याला आहे. दारुडी असेल, गर्दुल्ली असेल, तुरुंगात असेल, पण आहे. ज्यांना आई व्हायचंय त्यांनी जिना उतरून जावं, खाली कुत्र्यांचं खाणं स्वस्त मिळतं, एक कुत्रं पाळावं." सगळे हसले. आर्लिसही हसली.

तिला सोपवलेल्या मुलीचं नाव मार्नी. वय आठ, समोरचे दोन दात नुकतेच आलेले आणि चेहऱ्याच्या मानाने मोठे. गेल्या हिवाळ्यात तिची आई शेला नशेच्या गोळ्यांच्या नादात दोन रात्री घरी फिरकली नव्हती. त्या राहत त्या ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घराची, ऊब देणारी शेगडी बंद पडलेली. पोरगी पाव भाजायची भट्टी पेटवून, तिचं दार उघडं टाकून, अंगावर दोन कोट चढवून तिच्यापुढे बसून राहिली होती. शेजाऱ्याने पाहिलं आणि पोलीस बोलावले. मारलं कधी नव्हतं, उपाशी मुद्दाम ठेवलं नव्हतं. फक्त आई असायला हवी होती तेव्हा ती नव्हती. आता मार्नी गावाबाहेर व्होग्ट नवरा-बायकोच्या शेतावर राहत होती. डेब आणि रॉली व्होग्ट, चांगली माणसं, पण साठी उलटलेली. पोरांना थोडे दिवस सांभाळायचं आणि पुढे पाठवायचं, एवढंच त्यांनी पत्करलं होतं.

पहिल्याच भेटीत मार्नीने विचारलं, "तुला काय म्हणू? आजी म्हणू?"

आर्लिसच्या घशाशी 'हो' आलं होतं. ती म्हणाली, "नुसतं आर्लिस म्हण."

"आजीसारखी दिसतेस पण."

"दिसत असेन. तरी आर्लिसच."

तेव्हा आई आठवड्यातून दोनदा भेटायची, सरकारी कचेरीतल्या सोफा आणि खेळणी असलेल्या खोलीत, आणि कोपऱ्यात बसून एक बाई जे घडेल ते लिहून घ्यायची. भेट संपली की मार्नीचा आकांत सुरू व्हायचा. गाडीत खाली बसून ती सीटला डोकं आपटायची. शेतावर पोचेपर्यंत ओकायची. दुसऱ्या दिवशीही जेवायची नाही. आर्लिसने हे दोन-तीनदा पाहिलं आणि तिला ते सोसलं नाही. तिने कोर्टाला कळवलं की प्रत्येक भेटीनंतर मूल ऊर फुटेस्तोवर रडतं, भेटी कमी कराव्यात. जज्जसाहेबांनी ऐकलं. दोनाची एक भेट झाली.

हे मार्नीला सांगायचं कामही तिने स्वतःच अंगावर घेतलं. मुलांशी खोटं बोलायचं नाही, असं रॉक्सॅनने शिकवलं होतं.

"आता आई आठवड्यातून एकदाच भेटेल," ती म्हणाली.

"का?"

"भेटून आलीस की तुला किती त्रास होतो. किती रडतेस बाळा तू."

मार्नीने बराच वेळ बुटाची नाडी ओढली. "मी रडले म्हणून?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून."

"बरं," मार्नी म्हणाली.

आणि काय आश्चर्य, त्यानंतर पोरगी रडली नाही. पुढच्या भेटीनंतर नाही, त्यापुढच्याही नाही. गाडीत बसून खिडकीबाहेर बघत गप येऊ लागली. डेब व्होग्ट म्हणाली, देवाची कृपा. सरकारी बाई म्हणाली, रुळली. आर्लिसला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात एक तरी काम नीट झालं.

त्या उन्हाळ्यात आर्लिस आठवड्यातून एकदा शेतावर जायची, आणि उरलेले दिवस ती वाट बघण्यात घालवायची. हे तिने कबूल केलं नसतं, पण खरं ते खरं. दुकानात गेली की मुलींच्या कपड्यांपाशी पाय अडायचे. 'कोलाचे' म्हणतात ते खसखस भरलेले गोड पाव भाजले की दोन बाजूला काढून ठेवायची आणि मग आठवायचं की द्यायला परवानगी नाही. ते लॅव्हॉनच्या पोटात जायचे. मार्नीला कोडी आवडत, कोंबड्यांना नावं ठेवायला आवडे, आणि आवडता रंग विचारला तर ती म्हणाली, "शाळेच्या बसचा."

"पिवळा?"

"पिवळा नाही. शाळेच्या बसचा. बसमध्ये शेगडी असते ना. चढलं की लगेच पाय गरम होतात."

ऑगस्टमध्ये आर्लिसने शिवणाच्या खोलीला रंग दिला. स्वतः शिडीवर चढून, चारही भिंतींना. लॅव्हॉन बघायला आली ती दारातच थबकली.

"अगं बाई! ही खोली आहे का बसथांबा?"

"मला आवडला हा रंग."

लॅव्हॉनने पेपरमिंट गालातून फिरवली. ती फटकळ होती, मूर्ख नव्हती. "त्या पोरीसाठी ना?"

आर्लिसने ब्रश धुवायला घेतला. मग सगळं सांगून टाकलं. शरद ऋतूत सुनावणी आहे. शेलाचा आईपणाचा हक्क कायमचा काढून घ्यावा असा सरकारने अर्ज केलाय. तसं झालं की मार्नी दत्तक जायला मोकळी होईल. मग आपण हे काम सोडायचं, रीतसर, आणि अर्ज करायचा. छप्पन्न वर्षांच्या बाईलासुद्धा देतात, चौकशी केली आहे.

"आणि हक्क काढावा की नाही, हे जज्जला कोण सांगणार?"

"बरीच माणसं सांगतात."

"त्यात तू आहेस."

"मी जे दिसतं तेच सांगते, लॅव्हॉन."

"मनातल्या मनात मांडे खाणाऱ्याला ताटात काय आहे ते दिसत नाही हो," लॅव्हॉन म्हणाली, पण हळू म्हणाली, कारण ती खोली आधी कुणासाठी राखून ठेवली होती, हे लिऑनच्या बहिणीला माहीत होतं.

दिसत होतं ते असं. शेलाच्या गोळ्या आता सुटल्या होत्या. उपचार पूर्ण केले होते, शेजारच्या गावात वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात नोकरी धरली होती, दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. भेटीला वेळेवर यायची. अंगाने बारीक, हातांना ब्लीचचा वास, आणि बोलताना नजर दाराकडे. पण पोरगी तिच्याकडे बघत नव्हती. खोलीत यायची, 'हाय' म्हणायची आणि आईकडे पाठ करून खाली सतरंजीवर बसायची. मिठी नाही. लाड नाही. आई सोफ्यावर बसून तिचे केस विंचरायची, वेणी घालायची, पुन्हा सोडायची, पुन्हा घालायची. तास असा जायचा. निघताना मार्नी 'बाय' म्हणून मागे न बघता दार गाठायची. आर्लिस कोपऱ्यातून बघत राही. तिने सुनावणीसाठी लिहिलं की मूल भेटीचा सगळा वेळ आईकडे पाठ करून असतं, निरोप घेताना डोळ्यात टिपूस नसतो, आईशी ओढ उरलेली दिसत नाही.

डेबची एक तक्रार होती, तीही तिने त्यात घातली. पोरगी आठवडाभर डोक्याला पाणी लावू देत नाही. वेणी सोडायला गेलं की किंचाळते. केसांच्या पार झिपऱ्या होऊन जातात. स्वच्छतेची आबाळ, असं आर्लिसने लिहिलं. पहिल्या आईची सवय, असंही.

शेवटी तिचं मत होतं: आईचा हक्क संपवावा. ते कागद सगळ्या वकिलांना आणि शेलालाही पोचले. सरकारी वकिलाने आर्लिसला फोन करून आभार मानले.

सुनावणी आठवड्यावर आली तेव्हा मक्याची कापणी जोरात होती. सगळ्या गावाच्या डोळ्यांत भुसा जात होता. आर्लिस शेतावर गेली तर मार्नी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होती. एक पांढरी कोंबडी कशी आळशी आहे ते सांगता सांगता तिने खुराड्याचं जड दार ओढलं, वारा आला, आणि दार तिच्या बोटांवर आपटलं.

आर्लिस धावली. दार उचललं. दोन बोटांची नखं काळीनिळी झाली होती, एकातून रक्त येत होतं. तिने पोरीला जवळ ओढलं आणि आता ही टाहो फोडणार म्हणून तयारीत राहिली. टाहो आला नाही. मार्नीने तोंड घट्ट मिटलं होतं. चेहरा लाल झाला, मग जांभळा. गळ्याच्या शिरा फुगल्या. ती श्वासच घेत नव्हती.

"मार्नी! श्वास घे. रड गं, रड बाळा, दुखतंय ना!"

मार्नीने मान जोरजोरात हलवली. मग श्वास सुटला, एकदम, नाकातून, आणि ती धापा टाकत म्हणाली, "मी नाही रडले. बघितलंस ना? लिहू नकोस. मी नाही रडले."

"काय लिहू नको?"

"मी रडले असं. हे बोटाचं आहे, आईचं नाही. मी आईचं कधीच रडत नाही आता."

आर्लिसला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं. ती खुराड्यापुढच्या मातीत बसली.

"आईला भेटून आलं तरी रडत नाहीस."

"नाहीच रडत," मार्नी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा फुशारकी होती. "पहिल्यांदा रडले तर तुम्ही एक भेट काढून घेतली. आता एकच उरलीय. मी तोंडच बघत नाही तिचं. तोंड बघितलं की येतं रडू. म्हणून मी तिकडे तोंड करून बसते आणि ती वेणी घालते. वेणी घातली की ती माझ्या डोक्यावर असते." तिने सुजलेली बोटं तोंडात घातली. "डेब सोडते. मग मी ओरडते. ओरडणं चालतं ना? ओरडणं म्हणजे रडणं नाही."

"चालतं," आर्लिस म्हणाली.

बोटांना पट्टी बांधून ती निघाली. घरी आली, कोट न काढता वर गेली आणि त्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. माणसाने स्वतःला फसवायचं ठरवलं की डोळे उघडे असून उपयोग नसतो. पाठ दिसली होती, वेणी दिसली होती, कोरडे डोळे दिसले होते; त्या सगळ्याचा अर्थ तिने लावला होता तो या भिंतींना पुढे ठेवून. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही की अजूनही तिला ती पोर हवी होती. खुराड्यापाशी मातीत बसली होती तेव्हाही, त्या दुखऱ्या हातासकट, तिला उचलून गाडीत घालून इथे आणावंसं वाटलं होतं. उद्या रॉक्सॅनकडे जाऊ, असं ती स्वतःला म्हणाली. उद्या गेली नाही. परवाही नाही.

तिसऱ्या दिवशी शेलाचा फोन आला. "तुम्ही येऊन जाल का? वकिलासमोर नको. दहा मिनिटं."

शेलाच्या घरात जायची आर्लिसची ती दुसरी खेप. पहिल्या वेळी तिने एकच पलंग आहे हे टिपून घेतलं होतं. आताही एकच होता, पण त्यावर उशी लहान मुलाची होती आणि सोफ्यावर गुंडाळलेलं पांघरूण पडलं होतं. पोरीसाठी पलंग ठेवून बाई स्वतः सोफ्यावर झोपत होती. शेलाने कॉफी पुढे ठेवली. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

"तुम्ही लिहिलंय ते मी वाचलं," शेला म्हणाली. "चारदा वाचलं. आधी वाटलं तुमच्या घरावर दगड मारावा. खोटं का सांगू."

"मारायला हवा होतास."

शेलाने ते ऐकलंच नाही. ती पाठ केलेलं म्हणून दाखवत होती. "मग वाटलं, बाई म्हणते त्यात चूक काय आहे? मी पण बघतेच की. माझ्याकडे बघत नाही ती. जवळ येत नाही. मी त्या थंडीत तिला टाकून गेले, आता ती कशाला बघेल माझ्याकडे? मी तिचे केस हातात घेते कारण तेवढंच ती घेऊ देते." तिने कप फिरवला. "वकील म्हणतो लढू. मी नाही लढणार. गुरुवारी कोर्टात जाऊन मी स्वतःहून सही करणार आहे. हक्क सोडते म्हणून. निदान तिला कोर्टात माझ्याविरुद्ध ऐकावं लागणार नाही. तुम्हाला बोलावलं ते एवढ्यासाठी की, जे तिला घेतील त्यांना सांगा, तिला बसमध्ये पुढची सीट लागते. मागे बसली की ओकते."

आर्लिसने कॉफीचा घोट घेतला. कॉफी पांचट होती.

काही बोलायचीही गरज नव्हती. हेच तर होतं ते. कुणी तिला विचारणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. तिने खोटं बोलायचं नव्हतं, फक्त कॉफी संपवायची होती आणि 'सांगते हं' म्हणून उठायचं होतं. गुरुवारी सही झाली असती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती पोर त्या खोलीत झोपली असती, पुढची सीट मागितली असती, रविवारी कोलाचे खाऊन तोंडभर खसखस लावून हसली असती. आणि चांगली वाढवली असती तिने पोरीला. यात तर शंकाच नव्हती. शेला पुन्हा गोळ्यांकडे वळणार नाही, याची हमी कुणी द्यावी? आर्लिसच्या घरात शेगडी कधी बंद पडली नसती.

तिने कप खाली ठेवला.

"ती तुझ्याकडे बघत नाही, कारण बघितलं की तिला रडू येतं," ती म्हणाली.

"काय?"

"आणि रडली की भेटी कमी होतात, हे मी तिला शिकवलं. मी. दोनाची एक झाली ती माझ्या सांगण्यावरून, आणि तुझ्या लेकीने त्यातून एवढंच घेतलं की रडलं तर आई जाते. म्हणून ती पाठ करून बसते. आठवडाभर डोकं धुऊ देत नाही, कारण तू घातलेली वेणी सुटते. दारात बोटं चेंगरली परवा, तरी रडली नाही. मला म्हणाली, लिहू नकोस."

शेला उठली. ओट्याला टेकली, पुन्हा बसली. तिच्या तोंडून आवाज आला तो शब्दांचा नव्हता. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि तशीच रडत राहिली. आर्लिसने हात पुढे केला, पण तो केसांवर ठेवायचा आपल्याला हक्क आहे का ते तिला ठरवता येईना, म्हणून तो टेबलावरच राहिला.

बऱ्याच वेळाने शेला डोकं न उचलता म्हणाली, "तुम्ही हे का सांगितलं? तुम्हाला तर मी नकोच होते."

"नकोच होतीस," आर्लिस म्हणाली. "सही करू नकोस."

तिथून ती थेट पशुखाद्याच्या दुकानावर गेली. रॉक्सॅनने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही, आणि हे रॉक्सॅनच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं.

"कोर्टात उभं राहून सांगावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "सरकारी वकील सालटं काढील तुझी. विचारील की आधी खोटं होतं की आता खोटं आहे."

"काढू दे."

"आणि खोलीचंही सांगायचं."

"खोलीचं तुला कसं कळलं?"

"लॅव्हॉन दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली. म्हणाली, ती स्वतः येऊन सांगेल, वाट बघ." रॉक्सॅनने चष्मा पुसला. "रंग खरंच बसचा आहे?"

"बसचाच."

"अरे देवा," रॉक्सॅन म्हणाली, आणि उठून तिने आर्लिससाठी पाणी आणलं.

गुरुवारी सरकारी वकिलाने सालटं काढलीच. आर्लिस उभी राहिली आणि जे होतं ते सांगितलं: भेटींचं, वेणीचं, बोटांचं. मग म्हणाली, "जज्जसाहेब, मला ही मुलगी स्वतःला हवी होती. तिच्यासाठी मी घरात खोली रंगवली. त्यामुळे मी जे पाहिलं त्याचा अर्थ मला हवा तसा लावला. शपथ मोडली मी. माझं आधीचं मत तुम्ही धरू नका."

पोकॉर्नी जज्जसाहेब म्हाताऱ्या बैलासारखे शांत गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "मिसेस कुचेरा, मी नेहमी विचारतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलीला काय हवं आहे?"

"तिला रडायला मिळायला हवं आहे," आर्लिस म्हणाली. "आईजवळ."

"आणि तिचं भलं कशात आहे?"

"त्यातच. मला तसं वाटत नव्हतं, वाटू नये असंच मला वाटत होतं. पण त्यातच आहे."

जज्जसाहेबांनी हक्क काढला नाही. भेटींवरचा पहारा काढला, भेटी वाढवल्या, नाताळच्या आधी मुलीला आईच्या घरी पाठवून बघू म्हणाले. आर्लिसलाही त्यांनी मोकळं केलं नाही; सगळ्यांसमोर खरमरीत सुनावलं आणि म्हणाले की, चूक ज्याला दिसली त्यानेच ती निस्तरावी, काम पूर्ण होईपर्यंत रॉक्सॅन तुमच्यासोबत राहील.

बाहेरच्या ओसरीत मार्नी डेबजवळ बाकावर बसली होती, पट्टी बांधलेली बोटं मांडीवर. शेला दारातून बाहेर आली. मार्नीने सवयीने लगेच पाठ केली.

आर्लिस तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. गुडघे कटकन वाजले. "मार्नी, आता भेटी कमी होणार नाहीत. वाढल्यात. हे वचन नाही, हे झालंय. जज्जसाहेबांनी सांगितलंय."

मार्नीने तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात बघितलं, मग डेबच्या हातांकडे. कुणाच्या हातात लेखणी नाही ना, हे ती बघत होती.

"मग आता रडू का?" तिने विचारलं.

"रड," आर्लिस म्हणाली. "हवं तेवढं."

मार्नी वळली. आईच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग जे उफाळून आलं ते ऐकून कोर्टातल्या कारकुनांनी दारं उघडली, जिन्यावरचा हवालदार धावत वर आला. शेला तिला घेऊन फरशीवरच बसली. कुणी त्यांना उठा म्हटलं नाही. आर्लिस हातात पर्स धरून भिंतीशी उभी राहिली. ते रडणं बराच वेळ चाललं, आणि त्यातला एक हुंदकाही तिच्यासाठी नव्हता. असणारही नव्हता.

नाताळला मार्नी घरी गेली. वसंतात जज्जसाहेबांनी खटला बंद केला. खटला बंद झाला की भेटणंही बंद, हा नियम आर्लिसला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. शेवटच्या दिवशी मार्नीच्या दोन घट्ट वेण्या होत्या आणि केस धुतलेले होते. तिने आर्लिसला एका कोंबडीचं चित्र दिलं आणि म्हणाली, "बाय, आर्लिस." नुसतं 'आर्लिस'च म्हणाली, शिकवलं होतं तसं.

घरी जाताना मक्याच्या रिकाम्या शेतांमधल्या रस्त्यावर शाळेची बस पुढे होती. ती थांबली, बाजूची 'थांबा' अशी लाल पाटी उघडली, म्हणून मागे आर्लिसनेही गाडी थांबवली. तीन पोरं उतरली. एका घराचं दार उघडलं, कुणीतरी हाक मारली, पोरं आत गेली. पाटी मिटली. बस हलली, पण आर्लिसची गाडी जागीच राहिली. मागे कुणी नव्हतं, रस्ता मोकळा होता.

रडू का, असं विचारायला तिला कुणी नव्हतं. म्हणून तिने न विचारताच सुरुवात केली.